नांदेडचीं ५१६ चित्रें

(नभोवाणीवरील भाषण)

गेल्या मार्गशीर्षांत आमच्या तळोज्यास मधुमेही लोकांचे डोळे तपासण्याचें एक शिबिर भरलें होतें. मला स्वतःला हा विकार जडून अकरा वर्षें झालीं. तेव्हां मीहि सकाळीं लौकर जाऊन रांगेंत उभा राहिलों. प्रथम डोळ्यांत औषधाचे थेंब घालून बाहुली मोठी करावयाची, मग अर्धा तास बांकावर बसवून ठेवावयाचें, आणि नंतर कॅमेऱ्यापुढें हनुवटी टेकवून डोळ्याच्या आंतल्या बाजूचें छायाचित्र घ्यावयाचें, असा तेथील क्रम होता. त्या अर्ध्या तासांत एक मुलगी सर्वांस एक छापील कागद वांटीत गेली आणि सही कोठें करावयाची तें बोटानें दाखवीत गेली. कागद इंग्रजींत होता. शिवाय हे थेंब घातल्यावर जवळचें अक्षर दिसत नाहीं, हें ज्यांनीं हा उपचार सोसला आहे त्यांस सांगावयास नको.

माझ्या शेजारच्या गृहस्थांनीं सही करून टाकली. त्यांच्या पलीकडील बाईंनीं ‘घरचं कुणी आल्याशिवाय मी कशावर सही करत नाहीं’ असें म्हणून कागद परत केला. मीं मास्तरकीच्या जुन्या खोडीप्रमाणें विचारलें, “बाळ, यांत लिहिलें आहे तरी काय?” ती म्हणाली, “आजोबा, तुमच्या डोळ्याचा फोटो संशोधनाला वापरायचाय. नांव नाहीं येणार तुमचं.” कोणाच्या संशोधनाला, आणि किती वर्षें, असें विचारतां तिच्यापाशीं उत्तर नव्हतें. तिचा बिचारीचा दोष नाहीं; तिलाहि कोणीं समजावून सांगितलें नसावें. मीं कागदाची घडी करून खिशांत घातली आणि पुढच्या खेपेस आणून देतों म्हणून सांगितलें.

एवढ्या लहान गोष्टीसाठीं मास्तरांनीं आढेवेढे कां घ्यावे, असें कोणी म्हणेल. पण डोळ्याची गोष्ट आमच्या घरांत लहान नाहीं. माझे वडील बंधु याच रोगानें दृष्टि गमावून बसले. त्यांना दुखत नव्हतें, खुपत नव्हतें. वर्तमानपत्र ते बिनचष्म्याचें वाचीत. एके दिवशीं सकाळीं उजव्या डोळ्यापुढें काजळाचे धागे तरंगतात असें म्हणाले, आणि संध्याकाळपर्यंत त्या डोळ्यापुढें पडदाच पडला. मधुमेहाची हीच तर लबाडी आहे. रक्तांतील साखर वर्षानुवर्षें वाढलेली राहिली कीं दृष्टिपटलाच्या, म्हणजे आपण ज्याला डोळ्याचा पडदा म्हणतों त्याच्या, केसाहून बारीक रक्तवाहिन्या दुबळ्या होतात. त्यांना सूक्ष्म फुगे येतात, त्यांतून रक्त आणि मेद पाझरतो. मध्यभागावर घाला पडेपर्यंत माणसाला कांहींच कळत नाहीं. वेळेवर कळलें तर लेसरच्या किरणांनीं किंवा डोळ्यांत औषध टोंचून दृष्टि बहुधा राखतां येते. दादांना डोळे तपासून घ्या असें कोणीं सांगितलें नव्हतें. आणि आम्हांलाहि सुचलें नाहीं, हें मला अजून बोचतें.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या इ. स. २०२३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणें आपल्या देशांत मधुमेही लोक सुमारें १० कोटी १० लक्ष आहेत. प्रत्येकाचा डोळा वर्षांतून एकदां तज्ज्ञानें पाहावयाचा म्हटलें तर तितके तज्ज्ञ आणावयाचे कोठून? म्हणून गेलीं कांहीं वर्षें असा प्रयत्न चालला आहे कीं, छायाचित्र कोणा साध्या शिकलेल्या सेवकानें घ्यावें, तें प्रथम संगणकानें पाहावें, आणि ज्यांत संशय वाटेल तेवढेंच डॉक्टरांपुढें ठेवावें. पण संगणकाला पाहावयास शिकवावयाचें कसें? येथेंच माझ्या खिशांतल्या त्या कागदाचा संबंध येतो.

घरीं येऊन मीं तो कागद पुतणीपुढें ठेविला. ही दादांचीच मुलगी. बेलापुरास एका कचेरींत संगणकाचें काम करते. तिनें कागद वाचला आणि हंसून म्हणाली, “काका, हे तुमच्या डोळ्याला धडा करायला निघालेत.” मग तीन रविवार बसून तिनें मला जें दाखविलें, तें मी माझ्या मॅट्रिकच्या समजुतीनें आपणांस सांगत आहें.

संगणकाला चित्र दिसत नाहीं. त्याच्या दृष्टीनें चित्र म्हणजे आंकड्यांची एक लांबच लांब रांग. आपण त्याला हजारों चित्रें देतों, आणि प्रत्येकाबरोबर उत्तरहि देतों: यांत रोग आहे, यांत नाहीं. तो अंदाज करतो, उत्तराशीं ताडून पाहतो, चुकलें कीं आपलें गणित थोडें बदलतो, आणि असें लाखों वेळां करतां करतां त्याचा अंदाज बरोबर येऊं लागतो. गणिताच्या पुस्तकांतील सोडविलेलीं उदाहरणें जशीं, तशींच हीं उत्तरांसह चित्रें. अशीं चित्रें एकत्र करून इंटरनेटवर कोणासहि विनामूल्य उतरवून घेतां येतील अशीं ठेविलीं, म्हणजे त्यास मुक्त चित्रसंग्रह म्हणतात. ज्याच्यापाशीं रुग्णालय नाहीं, कॅमेरा नाहीं, पण बुद्धि आहे, अशा कोणत्याहि गांवच्या विद्यार्थ्यास त्यांतून काम करतां येतें.

प्रारंभीं हे संग्रह बहुतेक परदेशांतीलच होते. हॉलंडमधील डोळ्यांचा एक संग्रह प्रसिद्ध आहे. त्यांत चित्रें अवघीं ४०. फ्रान्समधील एका संग्रहांत १,२०० आहेत. पण डोळ्याच्या पडद्याचा रंगहि माणसाच्या वर्णाप्रमाणें बदलतो. गोऱ्या माणसाचा पडदा फिकट, आपला गडद. परदेशी डोळ्यांवर शिकलेलें यंत्र आपल्याकडील डोळा पाहून गोंधळणार नाहीं, याची हमी कोण देणार? तें ताडून पाहावयाचें तर आपल्याकडील चित्रें हवींत, आणि तींहि सर्वांस खुलीं हवींत.

हें काम झालें तें मुंबईंत नव्हे, पुण्यासहि नव्हे, नांदेडास झालें! पुतणीनें हें सांगितलें तेव्हां मीं दोनदां विचारून खात्री करून घेतली. नांदेडास श्रीगुरुगोविंदसिंहजींच्या नांवाची अभियांत्रिकी संस्था आहे. तेथील प्राध्यापक मनेश कोकरे, प्रसन्न पोरवाल आणि त्यांचे सहकारी यांनीं नांदेडांतील एका नेत्रचिकित्सालयाच्या साह्यानें हा संग्रह तयार केला. त्या चिकित्सालयांत २००९ पासून २०१७ पर्यंत हजारों तपासण्या झाल्या होत्या. त्यांतून अस्पष्ट चित्रें वगळून, दुबार आलेलीं काढून, रोगाच्या निरनिराळ्या पायऱ्या येतील अशा बेतानें ५१६ चित्रें निवडलीं, आणि २०१८ सालीं तीं जगापुढें ठेविलीं. चित्रें कोणींहि वापरावींत, मूळ कर्त्यांचा उल्लेख मात्र करावा, एवढीच अट.

पांचशें सोळा म्हणजे कांहीं मोठा आंकडा नव्हे, असें मलाहि प्रथम वाटलें. परंतु संग्रहाची किंमत चित्रांच्या संख्येंत नसून उत्तरांच्या कसांत असते. या प्रत्येक चित्रास तज्ज्ञांनीं रोगाची पायरी शून्यापासून चारपर्यंत लावून दिली. मध्यभागीं सूज येण्याचा धोका किती, त्याची निराळी पायरी लावली. दृष्टीची नस जेथें डोळ्यास मिळते तें वाटोळें स्थान आणि सर्वांत तीक्ष्ण दृष्टीचा बिंदु यांचे मध्य दाखविले. आणि त्यांतील ८१ चित्रांवर याहून कितीतरी कष्टाचें काम केलें. एकेक चित्र म्हणजे आडवीं ४,२८८ आणि उभीं २,८४८ टिंबें. गुणाकार केला तर १,२२,१२,२२४ होतात. अशा चित्रांत टांचणीच्या टोंकाएवढे लाल फुगे, रक्ताचे डाग, मेदाचे पिवळे कण आणि कापसाच्या पुंजक्यासारखे फिके ठिपके यांपैकीं जें जें दिसेल त्याची कड टिंबाटिंबानें आंखून काढावयाची! वह्या तपासून डोळे शिणविलेल्या माणसास या कामाची कल्पना चांगली येते. लाल शाईनें ‘चूक’ एवढें लिहून भागत नाहीं. चूक नेमकी कोठें सुरू झाली आणि कोठें संपली तें दाखवावें लागतें.

मला सर्वांत आवडली ती निराळीच गोष्ट. ५१६ पैकीं ४१३ चित्रें शिकण्यासाठीं दिलीं आणि १०३ परीक्षेसाठीं बाजूस ठेविलीं. अमेरिकेंत वॉशिंग्टन येथें २०१८ च्या एप्रिलांत या विषयाच्या विद्वानांची परिषद भरली, तिच्या निमित्तानें नांदेडकरांनीं सर्व जगास आव्हान दिलें कीं, आमच्या चित्रांवर आपापलीं यंत्रें शिकवा आणि आमच्या प्रश्नपत्रिकेला बसा. परीक्षक नांदेडचे, परीक्षार्थी देशोदेशींचे! आमच्या काळीं प्रश्नपत्रिका नेहमीं बाहेरून येत असे.

या संग्रहांत उणें नाहीं असें मात्र नव्हे. सगळीं चित्रें एकाच चिकित्सालयांतील व एकाच जातीच्या जपानी कॅमेऱ्यानें घेतलेलीं. एकाच मास्तरांच्या हाताखालीं शिकलेला मुलगा दुसऱ्याचें अक्षर पाहून अडखळतो, तसें यंत्राचें होऊं शकतें. याच संस्थेनें २०२१ सालीं दुसरा संग्रह दिला; त्यांत ३,२०० चित्रें आहेत, कॅमेरे तीन प्रकारचे आहेत, आणि केवळ मधुमेहाचाच नव्हे तर डोळ्याच्या ४६ विकारांचा विचार केला आहे.

आतां उत्तरें चुकीचीं असलीं तर काय होतें, तेंहि ऐका. माझ्या पहिलीच्या वर्गांत एक मुलगा होता. पुस्तक उघडलें कीं धडाधड वाची. मी खुश. एकदां सहज धड्यावरच्या चित्रावर माझा हात पडला आणि स्वारी एकदम गप्प झाली. थोरल्या बहिणीनें त्याजकडून सारें पुस्तक पाठ करवून घेतलें होतें. तो अक्षर वाचीत नव्हता, चित्र पाहून म्हणत होता. यंत्रहि अगदीं असेंच करतें. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्यसंस्थेनें २०१७ सालीं ३०,८०५ रुग्णांच्या छातीचीं १,१२,१२० क्ष-किरण चित्रें मोकळीं केलीं. एवढ्या चित्रांस डॉक्टर बसवून उत्तरें लिहविणें अशक्य. म्हणून जुन्या अहवालांतील शब्द संगणकाकडूनच वाचवून उत्तरें लावलीं. पुढें लूक ओकडेन-रेनर या ऑस्ट्रेलियन क्ष-किरणतज्ज्ञानें तीं चित्रें डोळ्यांनीं तपासलीं. त्यांना आढळलें कीं कित्येक उत्तरें चित्रांशीं जुळतच नाहींत. शिवाय फुप्फुसाबाहेर हवा कोंडल्याचीं म्हणून जीं चित्रें होतीं, त्यांपैकीं बहुतेकांत ती हवा काढण्यासाठीं घातलेली नळी स्पष्ट दिसत होती. म्हणजे यंत्रास रोग ओळखण्याची गरजच नाहीं; नळी दिसली कीं उत्तर तयार. आणि ज्या रोग्यास अजून नळी घातलेली नाहीं, ज्याला खरोखर मदत हवी, तोच त्याच्या नजरेंतून सुटणार.

यावरून कोणी म्हणेल, असले फुकटचे संग्रह नकोतच. मला उलट वाटतें. संग्रह मोकळा होता म्हणूनच दूरच्या एका डॉक्टरास त्यांतील दोष काढतां आला. कुलूप लावून ठेविलेल्या साठ्यांतहि अशाच नळ्या असतील. त्या कोण पाहणार?

तज्ज्ञांनीं उत्तरें दिलीं तरी तीं एकमुखी असतात असें समजूं नये. अमेरिकेंतीलच दुसऱ्या एका संग्रहांत छातीच्या १,०१८ सीटी तपासण्या आहेत. प्रत्येक तपासणी चार तज्ज्ञांनीं आधीं स्वतंत्रपणें पाहिली, मग इतर तिघांच्या खुणा पाहून पुन्हां पाहिली. पण एकमत करण्याची सक्ती कोणावर केली नाहीं. निदान एका तज्ज्ञास ३ मिलिमीटर वा त्याहून मोठ्या वाटलेल्या फुप्फुसांतील गांठी भरल्या २,६६९. त्यांतील चारही जणांस तशा वाटलेल्या किती? केवळ ९२८. हा मतभेद त्यांनीं झांकला नाहीं, तसाच संग्रहांत ठेविला, याचें मला कौतुक वाटतें. दोन परीक्षकांचे गुण जुळत नाहींत म्हणून आपण केवढा गहजब करतों!

मुंबईच्या एका कंपनीचेंहि उदाहरण पाहण्याजोगें आहे. क्युअर या नांवाच्या या कंपनीनें डोक्याच्या सीटी चित्रांत रक्तस्राव ओळखणारें यंत्र तयार केलें. त्यासाठीं तीन लाखांच्या घरांत तपासण्या वापरल्या. त्या कांहीं तिनें मोकळ्या केल्या नाहींत. परंतु परीक्षेसाठीं वापरलेल्या दिल्लीच्या ४९१ तपासण्या, तीन तज्ज्ञांच्या मतांसह, २०१८ सालीं सर्वांस दिल्या. व्यापारासाठीं त्या वापरूं नयेत अशी अट मात्र आहे. अभ्यासाच्या वह्या पेटींत ठेविल्या पण प्रश्नपत्रिका भिंतीवर लाविली, असा हा प्रकार. तरी तोहि कांहीं कमी नव्हे. त्या प्रश्नपत्रिकेवर आज कोणीहि आपलें यंत्र पारखून पाहूं शकतो.

आतां माझ्या कागदाकडे वळतों. ‘नांव येणार नाहीं’ असें ती मुलगी म्हणाली होती. नांव काढणें वाटतें तितकें सोपें नाहीं. रुग्णालयांतील चित्राच्या पोटांत नांव, जन्मतारीख, रुग्णक्रमांक असें सारें दडलेलें असतें. कधीं तर तें चित्रावरच उमटलेलें असतें. तें पुसलें तरी चित्र स्वतः बोलकें असतें. न्यूयॉर्कच्या सायमन आणि गोल्डस्टीन या दोघां डॉक्टरांनीं १९३५ सालींच दाखवून दिलें होतें कीं, डोळ्याच्या पडद्यावरील रक्तवाहिन्यांची नक्षी प्रत्येकाची निराळी असते, बोटाच्या ठशासारखी. डोक्याच्या एमआरआय चित्रांतून तर चेहराच उभा करतां येतो. २०१९ सालीं अमेरिकेंतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनीं ८४ जणांवर तसा प्रयोग केला आणि चेहरा ओळखणाऱ्या साध्या बाजारी यंत्रानें ७० जणांचीं छायाचित्रें बरोबर जुळवून दिलीं. म्हणून अशा चित्रांतील चेहऱ्याचा भाग पुसून मगच तीं संग्रहांत घालण्याची रीत पडत चालली आहे. डोळ्याच्या चित्रांत मात्र पुसावयाचें काय? तेथें नक्षी हेंच चित्र. तेव्हां ‘नांव येणार नाहीं’ हें वाक्य खरें असलें तरी पुरतें नाहीं. आपल्या देशानें २०२३ सालीं वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा केला आहे, आणि त्याच वर्षीं वैद्यकीय संशोधन परिषदेनें कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वैद्यकांतील उपयोगासंबंधीं नीतिनियमहि प्रसिद्ध केले आहेत. संमति माणसाला समजून दिलेली असावी हें तत्त्व दोहोंतहि आहे. बाहुली मोठी करून, इंग्रजी कागद हातांत देऊन, बोटानें जागा दाखवून घेतलेली सही ही समजून दिलेली संमति होते काय, याचें उत्तर वकिलाकडून आणावयास नको.

पण एवढें सारें जाणूनहि मीं चित्र नाकारावें कीं द्यावें? पुतणी म्हणाली, “काका, सगळ्यांनीं नाहीं म्हटलं तर यंत्र परदेशी डोळ्यांवरच शिकणार. मग आपल्याकडचा बाबांसारखा डोळा आला कीं तें चुकणार.” या बोलण्यापुढें मला कांहीं सुचलें नाहीं. आमच्या तळोज्याशेजारीं खारघरास टाटा स्मारक केंद्राचें कर्करोगसंशोधनाचें मोठें केंद्र आहे. रोज गांवोगांवचे रोगी काखेंत सीटीचे लिफाफे धरून तेथें जातांना मी पाहतों. टाटा रुग्णालयानें आतां अशा चित्रांची पेढी उभारण्यास आरंभ केला आहे. कलकत्त्याच्या टाटा मेडिकल सेंटरनें खरगपूरच्या आय. आय. टी.च्या साह्यानें असाच एक संग्रह केला असून त्याला नांव दिलें आहे ‘छवि’. हे लिफाफे एरवीं जातात कोठें? आमच्या घरीं दादांचे तीन लिफाफे कपाटावर आहेत. त्यांचा उपयोग आतां कोणासहि नाहीं.

माघांत शिबिर पुन्हां भरलें. मीं थेंब घालून घेण्याआधींच ती मुलगी गांठली आणि कागद परत केला. त्यावर सही होती, पण समासांत मीं मराठींत चार ओळी लिहिल्या होत्या: चित्र संशोधनासाठीं द्यावें, सर्व अभ्यासकांस सारख्याच अटीवर द्यावें, विकूं नये, आणि माझ्या डोळ्यांत कांहीं आढळल्यास तें आधीं मला कळवावें. तिनें त्या ओळी सावकाश वाचल्या आणि म्हणाली, “आजोबा, हें मी आमच्या साहेबांना दाखवतें. बाकीच्यांसाठींसुद्धां असं मराठींत करून मागते.” तिनें मागितलें कीं नाहीं तें फाल्गुनांत कळेल.

चित्र घेतल्यावर तिनेंच तें मला पडद्यावर मोठें करून दाखविलें. तांबूस वाटोळी थाळी, तिच्यावर झाडाच्या फांद्यांसारख्या शिरा, एका कडेस उजळ वाटोळें स्थान. नांदेडचीं चित्रें इतके दिवस पाहिल्यामुळें कोठें पाहावयाचें तें मला ठाऊक होतें. उजव्या डोळ्यांत, मध्यबिंदूच्या बरेंच वर, खसखशीएवढे दोन लाल ठिपके निघाले. डॉक्टरांनीं साखर सांभाळावयास सांगून सहा महिन्यांनीं पुन्हां बोलाविलें आहे.